रेघेवर दिलेला खरा भाव

अड्याळच्या बाजारात धानाच्या रोवणीचं काम ठरवताना शेतकरी हमखास विचारतो, "तुमच्या बायाइले जड तं नाही जाणार?" बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, खोल आहे, चिखल मांडीला लागतो, हे त्याला पुरतं माहीत असतं. तरी विचारतो. या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं नसतं. जड जाईल म्हटलं तर तो दुसऱ्या टोळीकडे वळतो. सोपं आहे म्हटलं तर भाव पाडतो. एकोणीस वर्षं मी एकच उत्तर देत आले, "तुमी भाव बोला, जडाचं आमी पाहू."

खरं उत्तर मी एकदाच दिलं, तेही शेतकऱ्याला नाही. पोटच्या पोरीला दिलं.

मी रोवणी करणाऱ्या बायांची टोळी चालवते. चालवत होते. एकरावर ठोक काम घ्यायचं, आमच्याकडे त्याला हुंडा म्हणतात. बाया न्यायच्या, पऱ्हे, म्हणजे वाफ्यातली रोपं, उपटून चिखलात लावायचे, गाडीत बसून परत यायचं. लग्न होऊन या गावात आले तेव्हा टोळी एका माणसाची होती. तो बांधावर छत्री घेऊन बसायचा आणि आमचं बोलणं तोच बोलायचा. एकदा त्यानं आमच्या नावावर ज्या बांधीचा होकार दिला तिच्यात एक बाई कमरेपर्यंत रुतली. तिला ओढून काढल्यावर मी त्याची छत्री घेऊन बोडीत, बाजूच्या लहान तळ्यात, फेकली. दुसऱ्या दिवशी सात बाया माझ्या दारात उभ्या होत्या. आता बावीस आहेत.

दहावी झालेली आहे मी. लिहिता येत होतं, पण कामाचं कधी लिहिलं नाही. लिहिलेलं दुसरा वाचू शकतो. कोणत्या शेतकऱ्याला कोणता दिवस दिला, कोणाचे किती एकर, पऱ्हे तो उपटून ठेवणार की आम्ही उपटायचे, गाडी कोणाची, हे दुसऱ्यानं वाचलं की भाव करण्यात काही उरत नाही. म्हणून सगळं डोक्यात.

डोक्यात म्हणजे कसं, ते माझ्या जोडीदारणीखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. चिखलात बाया एका ओळीत वाकतात आणि मागे सरकत लावत जातात. माझ्या टोळीत प्रत्येकीची जागा ठरलेली. डावीकडून पहिली माझी जोडीदारीण, दोन घरं सोडून राहणारी, त्या सातांपैकी एक. तिची पाठ म्हणजे हंगामाचा पहिला दिवस. तिच्या बाजूची दुसरा दिवस. बावीस पाठी झाल्या की पुन्हा डावीकडून. मी बांधावर उभी राहायची आणि त्या पाठींवर शेतकरी ठेवायची. चौथ्या पाठीवर अड्याळ रस्त्याचा अडीच एकरवाला. अकराव्या पाठीवर तलावाखालची बांधी, पऱ्हे आम्हीच उपटायचे. रोज संध्याकाळी ओळीवरून एकदा नजर फिरवली की पूर्ण हंगाम वाचून व्हायचा. एखादी बाई आजारी पडली की मी तिची जागा रिकामी ठेवायची, दुसरीला सरकू द्यायची नाही. बाया म्हणायच्या, "बाईची भल्ली शिस्त." मी म्हणू द्यायची.

मागच्या सालच्या हंगामात जोडीदारणीचा गुडघा सुजला. डावीकडे पाणी खोल होतं. मीच तिला उजव्या टोकाला पाठवलं, तिथं जमीन वर होती. सगळी ओळ एका जागेनं डावीकडे सरकली. मीही डोक्यात सगळे शेतकरी एकेक जागा सरकवले. त्या सरकवण्यात एक गळून पडला.

तो पवनी रस्त्यावरचा शेतकरी होता. हडकुळा, नेहमी बाहीची बटणं लावलेला. त्याचे पऱ्हे वाफ्यातच वाढून पिवळे पडले. बाजारात तो माझ्यासमोर आला.

"बाई, तुमी आले नाई."

"कुठं यायचं होतं?"

"माह्याकडं. ठरलं होतं ना आपलं."

"माह्या डोक्यात नाही, म्हंजे ठरलंच नाही," मी म्हणाले. आवाज चढवला. एकोणीस वर्षांत माझी तारीख चुकली नव्हती, हे पूर्ण बाजाराला माहीत होतं. चार शेतकरी गोळा झाले आणि चारही माझ्या बाजूनं बोलले. एकानं त्याला हसत विचारलं, "सपनात ठरवलं का गा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "बाई, तुमी म्हनता तं नसन ठरलं," आणि गेला.

गाडीपर्यंत पोचायच्या आत मला आठवलं. आठवी पाठ. दीड एकर. पऱ्हे तोच उपटून ठेवणार होता, आणि मी त्यातून चहा-चिवडाही कबूल करून घेतला होता. मागे वळता आलं असतं. वळले नाही, कोणाला सांगितलंही नाही. पण त्या दिवसापासून संध्याकाळी मी ओळीवरून एकदा नाही, तीन-तीनदा नजर फिरवू लागले, आणि घरी आल्यावर डोकं असं जड व्हायचं की ताटातलं जेवण गिळवत नसे.

माझी पोरगी नागपूरला मानसशास्त्र शिकते. तिचा बाप ती आठवीत असताना गेला. नंतरचं शिक्षण बावीस पाठींवर झालं, असं मी तिला रागाच्या भरात दोनदा सुनावलं आहे. होळीनंतर ती एक टॅबलेट घेऊन घरी आली. तिच्या अभ्यासाचा विषय होता, थोड्या वेळापुरतं काही डोक्यात धरून ठेवायचं काम करताना माणसाला मनावर किती भार वाटतो, ते मोजणं.

"वाटते म्हंजे?" मी विचारलं. "भार अशीन तं अशीन, नशीन तं नशीन."

"नाही ना आई. दोन बाया सारखीच बरोबर उत्तरं देतात. एकीले हलकं जाते, दुसरीचा जीव निघते. वरून दोघी सारख्याच दिसतात. म्हणून विचारावं लागते."

"इचारलं तं खरं कोण सांगते?"

"सांगतात. भाव करायचा नसला तं सांगतात."

तिला शेतात काम करणाऱ्या बाया हव्या होत्या. मी माझी टोळी दिली. चहा आणि येण्याजाण्याची सोय तिच्या बाजूनं, हे आधी ठरवून घेतलं. ती हसली, पण मी हसत नव्हते.

समाजमंदिरात बाया जमल्या. पोरीनं आधी मला पुढे बसवून सगळ्यांना काम दाखवलं. टॅबलेटवर एकामागून एक चित्रं यायची. पतंग, कुलूप, मासा, छत्री. पहिल्या फेरीत आत्ताचं चित्र लगेच आधीच्या चित्रासारखं असलं की बोट लावायचं. दुसऱ्या फेरीत दोन चित्रांआधी तेच होतं का ते पाहायचं. तिसऱ्या फेरीत तीन चित्रांआधी. प्रत्येक फेरीनंतर सहा प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाखाली एक लांब रेघ. डाव्या टोकाला लिहिलेलं "अजिबात नाही", उजव्या टोकाला "खूपच". मनाला किती काम पडलं, अंगाला किती पडलं, घाई किती झाली, किती जमलं, किती जोर लावावा लागला, किती चिडचिड झाली. जिथं वाटेल तिथं रेघेवर बोट ठेवायचं.

"अंगाले किती काम पडलं?" आमच्यातली सगळ्यांत म्हातारी बाई ओरडली. "अवं, एका बोटाले पडलं. बोटाची रोजी येगळी लागन बाप्पा."

"आन चिडचिड बाईले इचारू नोको," दुसरी म्हणाली. "तिची रेघ पुरत नाही. भिंतीवर ओढा लागन."

मी तिच्याकडे डोळे वटारले, तर सगळ्याच हसल्या. पोरीला दाखवायचं म्हणून मी सहाही रेघांवर अगदी मधोमध बोट ठेवलं. उठताना पदर कमरेला खोचला.

मग एकेक बाई बसली. दुपार गेली. शेवटची उठल्यावर पोरीनं टॅबलेट पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. चुका कोणी कमी, कोणी जास्त केल्या होत्या. पण रेघांवर सगळ्यांची बोटं मधोमध. सोप्या फेरीलाही मधोमध, अवघड फेरीलाही मधोमध.

"आई, तू सांगून ठेवलं होतंस का यांना?"

"मी तोंडबी उघडलं नाही."

ते खरं होतं. तोंड उघडायची गरजच नसते. बाजारात शेतकऱ्याशी भाव चालू असताना बाया मागे उभ्या असतात आणि एक शब्द बोलत नाहीत. मी पदर खोचला की त्या समजतात, हा शेवटचा शब्द. मग शेतकरी कोणालाही बाजूला घेऊन विचारो, बावीसही जणी तोच आकडा सांगतात. टोळीचा एकच शब्द असतो. त्यावरच आम्ही टिकलो. मी मधोमध बोट ठेवून पदर खोचला होता. त्यांच्या लेखी भाव ठरला होता.

पोरगी रडकुंडीला आली. "एका दिवसाची मेहनत गेली माझी!" म्हणाली. जोडीदारीण तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू अशी रडू नोको वं बेटा. आमाले का माहीत, तुले खरं लागते म्हून."

दुसऱ्या दिवशी तिनं पद्धत बदलली. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, जिथं सतरंज्या आणि भोंगे ठेवतात, तिथं एकेकीला दार लावून घेतलं. मला सगळ्यांत शेवटी बोलावलं. एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं की तुमचं नाव कुठेही येणार नाही, तुमची माहिती गुप्त राहील, तुम्ही दोनदा बसाल, आत्ता एकदा आणि रोवणीचा हंगाम झाल्यावर एकदा. खाली तिची सही, त्याखाली माझ्या सहीची जागा.

"याची नक्कल मले देशील," मी म्हणाले.

"देते. पण आई, इथं भाव करायचा नाही. माझी शपथ आहे. जेवढं वाटते तेवढंच."

"आन कोणाले कळलं तं?"

"माझ्याशिवाय कोणालाच कळणार नाही. लिहिलं आहे ना."

मी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी ठरवताना कागद घेतला.

पहिली फेरी सरळ गेली. दुसऱ्या फेरीपासून मी चित्रं पाठींवर ठेवू लागले. डोळ्यासमोर ओळ उभी केली, पहिल्या पाठीवर पतंग, दुसरीवर मासा, तिसरीवर कुलूप, आणि नवीन चित्र आलं की तीन पाठी मागे पाहायचं. तिसऱ्या फेरीत पाठी सरकू लागल्या. जुनी खाली टाकायची, नवी धरायची. मधेच मला जोडीदारीण उजव्या टोकाला जाताना दिसली. फेरी संपली तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता.

मग रेघ आली. मनाला किती काम पडलं? मी बोट मध्ये नेलं. पोरगी बघत होती. मी बोट उजवीकडे सरकवत नेलं ते शेवटच्या टोकाला, "खूपच" या शब्दावर नेऊन ठेवलं. सहापैकी पाच रेघांवर तेच केलं. किती जमलं, या रेघेवर डावं टोक.

तिनं टॅबलेट आपल्याकडे वळवला. उत्तरं तपासली. "आई, तिसऱ्या फेरीत तुझ्याएवढी बरोबर उत्तरं एकीचीही नाहीत."

"मंग?"

"मग एवढं जड काहून वाटते तुले? आणि जमलं नाही असं काहून लिहिलं?"

त्या खोलीत, गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बसून, मी तिला पवनी रस्त्यावरच्या शेतकऱ्याचं सांगितलं. आठवी पाठ, पिवळे पऱ्हे, बाजारातली माणसं, "नसन ठरलं" हे त्याचं बोलणं. सांगताना मी रडले नाही, पण तिनं माझा हात धरला तेव्हा काढूनही घेतला नाही. डोकं त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी हलकं वाटलं. मला वाटलं, खरा भाव सांगितल्यावर असंच हलकं वाटत असेल, तर लोक उगाच घासाघीस करतात.

जूनमध्ये, मिरगाच्या आधीच्या बाजारात तारखा ठरतात. बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीला लागून एक कडुलिंब आहे, त्याखाली माझी जागा. त्या दिवशी मी तिथं दीड तास बसले. शेतकरी येत होते, नमस्कार करत होते, "कसे काय बाई" म्हणत होते आणि पुढे जात होते. शेवटी तलावाखालच्या बांधीचा म्हातारा दिसला. त्याच्याशी माझं दरवर्षी अर्धा तास भांडण होतं आणि दोघांनाही ते आवडतं. मीच त्याला हाक मारली.

"काय गा बाबा, यंदा भांडाचं नाही का?"

तो ओशाळला. "तारीख तं ठरली ना बाई. तिच्यासंग." त्यानं हनुवटीनं पलीकडे दाखवलं. बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर माझी जोडीदारीण मोबाइल घेऊन बसली होती. भोवती पाच-सहा शेतकरी. "तुमच्या पोरीनंच सांगतलं म्हने, तुमच्या डोक्याले आता तरास नाही द्याचा. बरं हाय बाई. आराम करा."

मी उठले आणि थेट पायरीपाशी गेले. मला येताना पाहून शेतकरी बाजूला झाले.

"हे काय चालू हाय?"

"तारखा लिहून राहिली," जोडीदारीण म्हणाली. मोबाइल खाली ठेवला नाही.

"कोणाच्या टोळीच्या?"

"आपल्या."

"मले इचारलं?"

"इचारलं असतं तं तुमी हो म्हनले असते का?" ती अजून शांतच होती. "पोरगी फोनवर रडली माह्याजवळ. म्हने, काकू, आई सांगत नाही पन तिले लय जड जाते. तुमी तिचं ओझं हलकं करा. म्हून करून राहिली."

"ओझं हलकं कर म्हनलं. गाडीच घेऊन जा म्हनलं का?"

पाठीमागे कोणीतरी हसलं. ती उभी राहिली. अठरा-एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यापुढे ताठ उभी होती. "बाई, आवाज चढवू नोका. मागच्या साली त्या पवनीवाल्यावर चढवला होता. खरं तोच बोलत होता ना?"

हे ती हळू बोलली होती. फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू. ही तिची माया होती की हुशारी, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मी तिच्या हातातला मोबाइल हिसकावायला हात पुढे केला आणि हवेतच थांबवला. मग बस येईपर्यंत लिंबाखाली बसून राहिले.

घरी येऊन पोरीला फोन लावला.

"नाव येनार नाही, लिहिलं होतंस."

"आई, अभ्यासात कुठंच तुझं नाव नाही. तिथं तू नुसता एक नंबर आहेस."

"आन काकूजवळ? तिथं कोनता नंबर सांगतला माहा?"

"ते मी अभ्यासातलं सांगितलं नाही. मुलगी म्हणून सांगितलं. तू जेवत नव्हतीस, झोपत नव्हतीस. मी काय करायचं होतं?"

"गुप्त ठेवाचं होतं. सही हाय तुही."

"पवनीवाल्याचं मी सांगणार नव्हते," ती म्हणाली. "बोलता बोलता निघून गेलं. चुकलं माझं."

मी फोन ठेवला. पेटीतून तो कागद काढून पुन्हा वाचला. कोणत्याही शेतकऱ्याची मी कधी सही घेतली नाही, आणि पवनीवाला सोडला तर एकाही बाजूनं शब्द मोडला नाही. सही असलेला एकच कागद माझ्याकडे आहे आणि मोडला तोच. मुलगी म्हणून एक आणि अभ्यास करणारी म्हणून दुसरी, असं तिला दोन तोंडांनी बोलता येतं. मी त्या खोलीत एकाच तोंडानं बोलले होते.

हंगाम लागला. टोळी सोडून देईन असं मी चार ठिकाणी बोलले होते, पण पहिल्या दिवशी गाडी दारात थांबली तेव्हा चढले. बांधावर जोडीदारीण उभी होती. मी ओळीत उतरले. मोबाइलमध्ये तारखा असल्यामुळे जागांची गरज उरली नव्हती. बाया कोणी कुठेही उभ्या राहत होत्या, मैत्रिणी मैत्रिणींजवळ, गप्पा मारत. मला वाकल्यावर शेजारच्या पाठी दिसायच्या, सगळ्या चुकीच्या जागी. तरी मी मोजायची. सवयच ती. जोडीदारीण गाडीत उद्याचा शेतकरी सांगायची, परवाचा सांगायची, फोनवर बोलायची, ते सगळं माझ्या कानावर पडायचं आणि आपोआप जुन्या ओळीत जाऊन बसायचं.

एकही तारीख चुकली नाही. हे लिहिताना अजूनही हात आखडतो.

अर्ध्या हंगामात एका दुपारी तिचा मोबाइल बांधावरून घसरून चिखलात पडला. काढला, पुसला, तांदळात ठेवायला हवा असं कोणीतरी सुचवलं, पण तो काही सुरू झाला नाही. जोडीदारणीनं सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

"बाई, उद्या कोनाचं हाय?"

मला ठाऊक होतं. पवनी रस्त्यावरचा, दीड एकर. तिनं त्याला यंदा परत जोडून घेतलं होतं.

"मले कायले इचारते?" मी म्हणाले. "माहं डोकं तं जड झालं ना."

तिनं बंद मोबाइल पदरात बांधला. लावलेल्या रोपांमध्ये पाणी हलत होतं, मी त्याकडे पाहत राहिले. तिनं विनवणी करावी, एवढंच मला हवं होतं. आणखी एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले आहे.

संध्याकाळी गाडीतून उतरलो तर तोच शेतकरी गावच्या फाट्यावर सायकल धरून उभा. बाहीची बटणं लावलेली. जोडीदारणीला म्हणाला, "दुपारपासून फोन लागत नव्हता. मागच्या साली चुकामूक झाली होती ना, म्हून म्हटलं स्वतःच जाऊन यावं. उद्या नक्की हाय ना?"

"नक्की, दादा," ती म्हणाली.

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "बाई, तुमीबी याल ना? चहा-चिवडा हाय. मागच्या साली तुमी बोलून ठेवला होता, तो देनं राहून गेला."

तो टोचून बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरांची कमी नाही. पण तो टोचत नव्हता. मी "येईन" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच्या बांधीत माझ्या हाताखालची ओळ सगळ्यांत सरळ होती. पण "माझं चुकलं होतं" एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. चिवडा मी खाल्ला नाही. पदरात बांधून आणला आणि घरी कोंबड्यांना टाकला.

दिवाळीच्या आधी पोरगी आली, दुसऱ्या वेळच्या चाचणीसाठी. तोवर आमचं बोलणं म्हणजे जेवली का, बस मिळाली का, एवढंच होतं. बाया एकेक जाऊन आल्या. तिनं मला विचारलं नाही. मीच मागच्या खोलीत जाऊन बसले.

"आई, तुझ्या मनात नसेल तर बसायची गरज नाही. कागदावर तसंही लिहिलं आहे, मधेच थांबता येते."

"दोनदा बसीन म्हून सही केली हाय," मी म्हणाले. "मी सही मोडत नाही."

तिनं मान खाली घालून टॅबलेट पुढे केला.

पतंग, कुलूप, मासा, छत्री. तिसऱ्या फेरीत मी ओळ उभी करायला गेले तर ओळ उभी राहिना. यंदाच्या हंगामात पाठी इतक्या ठिकाणी पाहिल्या होत्या की पहिली कोण आणि आठवी कोण, तेच हलत होतं. चित्रं हातातून निसटत होती. मी नुसतं बोट लावत गेले. पहिल्या वेळेपेक्षा जड होतं, कितीतरी जड. घाम कानामागून गळ्यावर उतरला, तो तिला दिसला असणार.

रेघ आली. मनाला किती काम पडलं?

मी बोट डाव्या टोकाला ठेवलं. "अजिबात नाही." पुढच्या दोन रेघांवर तेच. किती जमलं, खूपच. जोर, अजिबात नाही. चिडचिड, अजिबात नाही. सहावी रेघ झाल्यावर बोट उचललं आणि तिच्याकडे पाहत बसले.

तिनं माझी उत्तरं पाहिली. कुठे चुकलं तेही तिला दिसत होतं. मग तिनं रेघ पाहिली. लहानपणी ती बाजारात माझ्या मांडीवर बसून भाव ऐकायची. पहिला शब्द म्हणजे फक्त सुरुवात, त्यानंतर समोरच्यानं जागेवरून हलायचं नसतं, "नाही बाई, खरं बोला" म्हणायचं असतं, हे तिला शाळेच्या आधी शिकवलं गेलं होतं. मी थांबले. तिनं एकदा "आई, खरं बोल" म्हटलं असतं, तर मी बोट सरकवायला तयार होते. हंगामाचं, फाट्यावरच्या सायकलवाल्याचं, सगळं सांगायला तयार होते.

"झालं, आई," ती म्हणाली. "आता नाही भाव करायला लावत तुला." आणि तिनं पुढच्या पानाचं बटण दाबलं.

माझ्या पहिल्या शब्दावर आजवर एकही शेतकरी उठून गेला नव्हता. तिनं टॅबलेट पिशवीत घातला, आपली खुर्ची भिंतीला लावली आणि दारात उभी राहून मी बाहेर यायची वाट पाहू लागली. मी बसूनच होते. पदर मी खोचलेला नव्हता.